पथ्यावर पथ्य: सिलिअ‍ॅक आणि जोडीला अनेक अ‍ॅलर्जी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला सिलिअ‍ॅक आहे. शिवाय दूध, शेंगदाणा आणि तीळ यांची अ‍ॅलर्जी. निदानाला तेरा वर्षं झाली, आणि या काळात तेच तेच प्रश्न इतक्या वेळा कानावर आलेत की उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. ती इथे एकत्र लिहिते. मी डॉक्टर नाही. तपासण्या, औषधं आणि डोस यांत तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. रोजचं जेवण, पाकिटं, भांडी आणि पाहुणचार यांबाबत मात्र माझंही थोडं ऐका.

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जीच ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा.

अ‍ॅलर्जीत शरीर एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजून बसलेलं असतं. त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार असतात. ते अन्न पोटात गेलं की पेशींमधून हिस्टामिन आणि त्याची भावंडं भसाभस बाहेर पडतात. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा दाटतो, उलट्या होतात, कधी रक्तदाबच कोसळतो. हे बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत.

सिलिअ‍ॅकमध्ये असा गाजावाजा नसतो. तो स्वयंप्रतिकार विकार आहे. निमित्त ग्लूटेनचं, म्हणजे गहू-जवासारख्या धान्यांतल्या एका प्रथिनाचं, पण हल्ला होतो तो स्वतःच्याच लहान आतड्यावर. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषून घेणारे. ते झिजत झिजत सपाट होतात. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, तर कुणाला पोटाचा काहीच त्रास नसतो. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, सारखं तोंड येतं, हाडं ठिसूळ होतात, मूल उंचीत मागे पडतं. काहींच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर प्रचंड खाजणारे फोड येतात आणि वर्षानुवर्षं त्यांना मलम लावलं जातं.

मी घरी समजावताना म्हणते, अ‍ॅलर्जी म्हणजे आग आणि सिलिअ‍ॅक म्हणजे वाळवी. घर दोन्हींनी जातं, पण वाळवी लागली म्हणून कुणी अग्निशमन दलाला बोलावत नाही. या पानावरची निम्मी उत्तरं एवढ्या एका फरकावर उभी आहेत.

मग दोन्ही एकाच माणसाला कशी होतात?

सिलिअ‍ॅक साधारण शंभरात एकाला असतो. त्याला एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुकीय प्रकार लागतात. ते बऱ्याच लोकांमध्ये असतात, पण त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. अन्नाच्या अ‍ॅलर्जीही काही दुर्मीळ नाहीत. तेव्हा दोन्ही एकाच ताटात येणारी माणसं निघणारच. सिलिअ‍ॅकसोबत जास्त आढळणारी मंडळी वेगळी: टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचे स्वयंप्रतिकार विकार. डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतात ते उगीच नाही.

बायोप्सी वगैरे नको वाटते. आधी गहू बंद करून बघू का?

कृपया नको. ही चूक मी स्वतः केली आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडला, दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं आणि मग तपासणीला गेले. रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा. ग्लूटेन बंद केलं की रक्तातली प्रतिपिंडं उतरू लागतात आणि आतडंही भरून यायला लागतं, म्हणजे पुरावाच पुसला जातो. मग डॉक्टरांनी पुन्हा खायला लावलं, रोज पाव, कित्येक आठवडे. आपल्याला काय होणार हे माहीत असताना रोज सकाळी तो पाव चावायचा, हा अनुभव मी कुणालाही सुचवणार नाही.

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिअ‍ॅकमध्ये वाढणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडं. तिच्यासोबत एकूण आयजीए किती आहे हेही बघावं लागतं, कारण काही सिलिअ‍ॅक रुग्णांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. त्यानंतर एंडोस्कोपी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक नमुने. मुलांमध्ये टीटीजी नेहमीच्या मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली वेगळी चाचणीही पक्की आली, तर बायोप्सीशिवाय निदान करण्याची मुभा युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली आहे. जनुकीय तपासणीचा उपयोग उलटा. ते दोन्ही प्रकार नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पण गहू खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर वरचा नियम तुमच्यासाठी नाही. खाणं ताबडतोब थांबवा आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जा. काही जणांना तर गहू एरवी चालतो, पण खाऊन लगेच धावायला किंवा व्यायामाला गेले की जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. अशा माणसाला ‘तपासणीसाठी खात राहा’ हा सल्ला घातक ठरेल.

रक्ताच्या एका तपासणीत दोनशे पदार्थांची यादी मिळते म्हणे. ती करू का?

ती बहुतेक आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची असते. आयजीजी आढळलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच कळतं. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच सांगतात. आधीच ज्याचं ताट रिकामं झालंय त्याच्या हातात आणखी चाळीस पदार्थांची बंदी द्यायची, हे मला क्रूर वाटतं.

खऱ्या तपासण्या म्हणजे त्वचेवर टोचून बघायची आणि रक्तातल्या आयजीईची. त्यांतही पॉझिटिव्ह आलं की अ‍ॅलर्जी आहेच असं नाही. शंका उरली तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर थोडं थोडं खाऊन बघायचं. घरी हा प्रयोग अजिबात नाही.

गव्हामुळे होतं हे कळलं तरी कसं?

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, पण मला सांगायला आवडतं. १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकी डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळालं. खरं तर केळी आल्यामुळे पाव बाहेर गेला होता. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना पावाचाच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. तिथून आपलं पथ्य सुरू होतं.

नेमकं काय काय बंद?

गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय (हे गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे). गव्हाची पिलावळ मोठी आहे: मैदा, रवा, कोंडा, दलिया, कुसकुस, स्पेल्ट, ड्युरम, खपली, ट्रिटिकेल. ‘प्राचीन गहू’ हाही गहूच. आंबवलेला सावरडो पाव ‘पोटाला हलका’ असेल, आपल्यासाठी नाही.

लपलेल्या जागा: सोया सॉस (बहुतेकांत गहू असतो), माल्ट आणि माल्ट व्हिनेगर, साधी बिअर, तयार सूप, मसाल्यांची तयार मिश्रणं, सॉसेज, कुरकुरीत आवरणाचे तळलेले पदार्थ. यादी पाठ करण्यापेक्षा एक सवय लावा. जे घट्ट, कुरकुरीत किंवा चिकट झालंय ते कशाने झालं, हे विचारायचं.

कुट्टू म्हणजे बकव्हीट. त्याचा गव्हाशी काही संबंध नाही, ग्लूटेनही नाही. पण त्याची स्वतःची अ‍ॅलर्जी असते आणि ती तीव्र होऊ शकते. पहिल्यांदा खाताना थोडंच खा.

ओट चालतात का?

ओटमध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतापासून गिरणीपर्यंत ते गहू-जवाबरोबर फिरतात. त्यामुळे साधे ओट नकोतच. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून तपासलेले ओट बहुतेकांना चालतात, थोड्यांना तेही सोसत नाहीत. निदानानंतर तब्येत सावरेपर्यंत थांबा आणि मग डॉक्टरांना विचारून सुरू करा.

पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलंय. डोळे झाकून घेऊ ना?

डोळे उघडे ठेवूनच घ्या, आणि शक्यतो चष्मा लावून.

‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे शून्य नव्हे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालतं, आणि बऱ्याच देशांनी हीच मर्यादा धरली आहे. सिलिअ‍ॅकसाठी ती पुरेशी सुरक्षित मानली जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. गव्हातलं ग्लूटेन धुऊन काढून उरलेला स्टार्च काही ‘ग्लूटेन-फ्री’ पावांत आणि पिठांत वापरतात. तो सिलिअ‍ॅकला चालतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र तोच स्टार्च धोक्याचा, कारण गव्हाची इतर प्रथिनं आणि ग्लूटेनचे अंश त्यात राहू शकतात. उलटही खरं आहे. ‘गहू नाही’ लिहिलेल्या पाकिटात जवाचं माल्ट सुखाने नांदत असतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते चालेल, मला नाही.

शिवाय ग्लूटेन काढलं की त्याच्या जागी काही तरी येतंच. बदामाचं पीठ, सोयाचं पीठ, दूध पावडर, अंड्याचा पांढरा बलक, तीळ, ल्यूपिनचं पीठ. हे ल्यूपिन शेंगदाण्याच्या कुळातलं आहे आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्यानेही त्रास होतो. म्हणजे एका आजारासाठी जो पाव मुद्दाम बनवला, तोच दुसऱ्यासाठी सापळा. कुणी मोठ्या प्रेमाने ‘तुझ्यासाठी खास ग्लूटेन-फ्री केक आणलाय’ म्हणतं, तेव्हा मी आधी आभार मानते आणि मग खोका उलटा करून वाचते. आता लोकांना सवय झाली आहे.

एकदा वाचलेलं पाकीट परत परत वाचायचं का?

दर वेळी. मी तीन वर्षं जे बिस्किट खात होते त्याच्या पुड्यावर एके दिवशी कोपऱ्यात ‘नवी चव’ असं लिहिलेलं दिसलं. नवी चव म्हणजे दूध पावडर. रंग तोच, चित्र तेच.

देश बदलला की नियमही बदलतात. युरोपीय संघात १४ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक लिहावे लागतात आणि त्यांत ग्लूटेन असलेली सगळी धान्यं येतात. अमेरिकेच्या यादीत ९ आहेत. तिथे गहू सांगावा लागतो, पण जव आणि राय यांच्यावर तशी सक्ती नाही. तीळ त्या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आला. मला आनंद झाला. पण भांडी तिळापासून स्वच्छ ठेवण्यापेक्षा काही उत्पादकांनी पावात मुद्दाम तीळ घातले आणि लेबलवर ‘तीळ’ छापून मोकळे झाले. कायदा पाळला गेला आणि आमचा पाव गेला.

‘अमुकचे अंश असू शकतात’ या ओळीचं काय करायचं?

बहुतेक ठिकाणी ही ओळ ऐच्छिक असते. ती आहे म्हणून धोका मोठा आणि नाही म्हणून धोका नाही, असं काही म्हणता येत नाही. माझा नियम असा: शेंगदाणा, तीळ किंवा दूध यांबाबत ही ओळ दिसली तर पाकीट परत फळीवर. गव्हाबाबत दिसली आणि त्याच पाकिटावर ग्लूटेन-फ्रीचं प्रमाणनही असेल तर घेते. तुम्ही तुमचा नियम डॉक्टरांशी बोलून ठरवा. तो दुकानात उभं राहून, भूक लागलेली असताना ठरवू नका.

दूध बंद झालंय, मग लॅक्टोज-फ्री दूध चालेल का?

दूध का बंद झालं त्यावर आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारा विकर आतड्याच्या त्याच लवेच्या टोकांवर असतो, त्यामुळे सिलिअ‍ॅकने लव झिजली की दूध पचेनासं होतं. अशांना लॅक्टोज-फ्री दूध चालतं, आणि आतडं भरून आलं की पुष्कळदा साधंही चालू लागतं. दुधाची अ‍ॅलर्जी ही केसीन आणि व्हे या प्रथिनांची असते. लॅक्टोज काढलं तरी ती तिथेच असतात. माझ्यासारखीने ते दूध प्यायचं नाही. हॉटेलात ‘अहो, लॅक्टोज-फ्री आहे’ म्हणून पेला पुढे करणारे खूप भेटतात.

एवढ्याशाने काय होतंय?

बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन सोसतं असं मानलं जातं. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. त्या स्लाइसचे २०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे १० मिलिग्रॅम. ताटाच्या कडेला सांडतो तो चुरा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्यात फरक दिसला. हा आकडा मी पाठ करून ठेवला आहे. भावनिक आर्जवापेक्षा स्लाइसचा हिशोब लोकांना लवकर पटतो.

अ‍ॅलर्जीत किती चालतं ते माणसागणिक वेगळं, आणि त्याच माणसात दिवसागणिकही वेगळं. आजारपण, जागरण, व्यायाम, दारू, काबूत नसलेला दमा यांनी प्रतिक्रिया वाढू शकते. मागच्या वेळी थोडंच झालं होतं, म्हणून या वेळीही थोडंच होईल असं नाही.

स्वयंपाकघर एकच आहे. काय वेगळं ठेवू?

सगळं वेगळं ठेवायला जागा कुणाकडे असते? सुरुवात चाळणीपासून करा. तुमची पिठाची चाळणी उजेडासमोर धरा आणि जाळी जिथे कड्यात दुमडली आहे तिथे नखाने खरवडून बघा. तिथे पांढरी, कडक झालेली एक रेघ सापडेल. ते मागच्या महिन्यातलं, मागच्या वर्षातलं पीठ. घासणी तिथे पोचतच नाही. म्हणून चाळणी वेगळी. त्याच कारणाने टोस्टर, लाकडी लाटणं, लाकडी फळी, चिरा गेलेले प्लास्टिकचे डबे आणि पास्ता निथळायची जाळीही. स्टील आणि काच साबणाने नीट घासली की कामाला येतात.

तापवल्याने ग्लूटेन मरत नाही, ते जंतू नव्हे. ‘कढईतल्या उकळत्या तेलात काय राहतंय’ हे वाक्य मी फार ऐकलंय. ज्या तेलात मैद्याचं काही तळलं ते तेल माझं नाही. शेंगदाणा आणि तीळ यांचंही असंच.

जॅमची बाटली हा दुसरा गुन्हेगार. पावाला लावलेली सुरी परत बाटलीत गेली की चुरा आत आला. आमच्याकडे माझ्या बाटल्यांच्या झाकणांना लाल चिकटपट्टी आहे आणि त्या सगळ्यात वरच्या फळीवर असतात, कारण चुरा खाली पडतो, वर चढत नाही. कोरडं पीठ हवेत उडून बराच वेळ तरंगत राहतं. त्यामुळे कुणी मैदा चाळत असेल तेव्हा माझं जेवण उघडं नसतं.

हातांसाठी साबण आणि पाणी. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.

घरात सगळ्यांनीच गहू सोडावा का?

गरज नाही. पण आईवडील, भावंडं आणि मुलं यांनी रक्ततपासणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. त्यांच्यात सिलिअ‍ॅक असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. आणि तपासणीआधी त्यांनी गहू सोडायचा नाही, हे वर आलंच आहे.

चुकून खाल्लं गेलं तर?

आधी कशाचं ते बघा.

अ‍ॅलर्जीचं असेल आणि घसा दाटणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, अंगावर पित्त उठण्यासोबत उलट्या असं काही दिसलं, तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं पेन, म्हणजे स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन, लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कपड्यांवरूनही चालतं. मग रुग्णवाहिका. माणसाला आडवं करा, पाय थोडे उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. पाचेक मिनिटांत फरक नाही पडला आणि दुसरं पेन असेल तर तेही. अ‍ॅलर्जीची साधी गोळी खाजेसाठी ठीक आहे, पण तिने घसा उघडत नाही आणि रक्तदाबही सावरत नाही. तिची वाट बघण्यात जो वेळ जातो तोच जिवावर बेततो. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी प्रतिक्रिया उलटून येऊ शकते.

मी ते पेन एकदाच वापरलंय, तिळामुळे. माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीस मिनिटं मी स्वतःला ‘काही नाही होणार’ म्हणत राहिले. टोचल्यावर हात थरथरले, छाती धडधडली, आणि हळूहळू घशातली गाठ सुटली. मांडीवर चार दिवस निळा डाग होता. सरावाचं, सुई नसलेलं पेन मिळतं. ते घरातल्या प्रत्येकाच्या हातात देऊन पाहा. घाबरलेला माणूस पेन उलटं धरून स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेतो, असं खरंच घडतं.

ग्लूटेन खाल्लं गेलं तर यातलं काही नाही. त्यावर उतारा नाही आणि अ‍ॅड्रेनालिनचा उपयोगही नाही. मुद्दाम उलटी काढू नका, पाणी प्या, आराम करा. पोट दोन-चार दिवस कुरकुरेल किंवा अजिबात कुरकुरणार नाही. त्रास झाला नाही म्हणजे आपल्याला थोडं चालतं, असा अर्थ मात्र काढू नका. वाळवी आवाज करत नाही. ‘ग्लूटेन पचवणाऱ्या’ गोळ्या मिळतात, त्यांच्या भरवशावर पथ्य मोडू नका.

दोन्हींपैकी काय ते कळत नसेल तर अ‍ॅलर्जी समजून वागा.

मग खायचं तरी काय?

भरपूर आहे, पण सुरुवातीला ते दिसत नाही. भात, मका, ज्वारी, बाजरी, राजगिरा, किन्वा, बटाटा, डाळी, भाज्या, फळं, मांस, मासे आणि सोसत असेल तर अंडी. धान्यं स्वतः निर्दोष असली तरी ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथलं पीठ निर्दोष राहत नाही. मी धान्य आणून, निवडून, धुऊन, वाळवून घरी दळते. वेळ जातो, पण निश्चिंत असते.

सगळा भार एकट्या तांदळावर टाकू नका. एक तर तंतू कमी पडतात, आणि भात जमिनीतलं व पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढतो. आलटून पालटून खा.

लोह, फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि झिंक यांची कमतरता पुष्कळदा निदानाच्या वेळीच असते. दूध बंद असेल तर कॅल्शियमचा प्रश्न दुप्पट. हाडांची घनता तपासून घ्या. ‘कॅल्शियमसाठी तीळ खा’ हा सल्ला मला महिन्यातून एकदा तरी मिळतो. अनेक बंधनं असतील तर आहारतज्ज्ञ हा खर्च नव्हे, गरज आहे. आणि यादीतला प्रत्येक पदार्थ खरोखरच बंद हवा का, हे दर एक-दोन वर्षांनी तपासा. अनेकांचं ताट जुन्या संशयांमुळेच रिकामं असतं.

माझा पाव विटेसारखा होतो.

माझाही व्हायचा. ग्लूटेन म्हणजे पिठाची जाळी. ती नसली की फुगा धरून ठेवायला काही उरत नाही. इसबगोल किंवा झँथन गम ते काम थोडंफार करतात. इसबगोल पाण्यात भिजवून त्याचा गोळा झाला की पिठात मिसळा. मिश्रण लाटता येण्याजोगं नको, घट्टसर सरबरीत हवं. अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पीठ पाणी पितं. वाटीने मोजू नका, वजन करा. आणि गरम असताना कापलात तर तो आतून चिकटच लागणार. पूर्ण गार होऊ द्या.

अंड्याऐवजी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा. चमचा वर उचलल्यावर तार सुटली की झालं.

औषधं आणि लिपस्टिक?

गोळीत भराव म्हणून स्टार्च असतो आणि क्वचित तो गव्हाचा असतो. औषधविक्रेत्याला विचारा. दम्याच्या काही कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनाचे अंश राहू शकतात. दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. शाम्पूतून ग्लूटेन आतड्यात जात नाही. लिपस्टिक थोडी का होईना पोटात जाते, ती बघून घ्या.

बाहेर जेवायला जाणं सोडून दिलंय. बरोबर केलं का?

वर्षभर मीही सोडलं होतं. आता जाते, पण गर्दीच्या वेळी नाही. ‘ग्लूटेन-फ्री आहे का?’ असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘हे कशात तळता? त्या कढईत आणखी काय तळता?’ असं विचारते. मग वेटर आत जाऊन विचारतो आणि तो परत येताना चेहऱ्यावरूनच कळतं. एके ठिकाणी सॅलडवर पावाचे तुकडे आले. मी परत पाठवलं. तेच ताट, तुकडे वेचून, दोन मिनिटांत परत आलं. पानाच्या घडीत एक चुरा चमकत होता. तेव्हापासून परत पाठवताना पहिलं ताट माझ्यासमोरच ठेवून घेते आणि नवं मागवते.

सोपं पडतं म्हणून बरेच जण सिलिअ‍ॅकलाही ‘अ‍ॅलर्जी’ म्हणतात. मी म्हणत नाही. चिठ्ठीवर दोन वेगळ्या ओळी लिहून देते: ‘हे खाल्लं तर आज रुग्णवाहिका बोलवावी लागेल’ आणि ‘हे खाल्लं तर मी महिनाभर आजारी पडेन’. परदेशी जाताना तिथल्या भाषेत हीच चिठ्ठी, पेन हातातल्या पिशवीत आणि सोबत डॉक्टरांचं पत्र.

मुलाला शाळेत पाठवताना?

पेन कुठे आहे आणि ते कोण टोचणार, हे लेखी ठरवून घ्या. कुलूपबंद कपाटातलं पेन नसल्यासारखंच. खेळायच्या रंगीत पिठाच्या गोळ्यात बहुतेकदा गहू असतो, खेळून झालं की हात साबणाने धुवायचे. वाढदिवसांसाठी शिक्षकांकडे त्याचा स्वतःचा खाऊ ठेवा. डब्यांची अदलाबदल नाही, एवढं मूल चौथ्या-पाचव्या वर्षी नीट शिकतं. चिडवणं झालं तर ते किरकोळ समजू नका. मुद्दाम अंगावर शेंगदाणे टाकणं ही थट्टा नव्हे.

हे कधी बरं होतं का?

सिलिअ‍ॅक जन्मभराचा. पथ्य पाळलं की आतडं भरून येतं, मुलांचं लवकर, मोठ्यांचं सावकाश, कधी काही वर्षांनी. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची.

शेंगदाण्याच्या मोजून दिलेल्या पुडीने सवय लावण्याच्या एका उपचाराला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅब या इंजेक्शनला मिळाली, चुकून खाल्लं गेल्यास प्रतिक्रिया सौम्य व्हावी म्हणून. यामुळे ताटात शेंगदाणे घ्यायची परवानगी मिळत नाही. सिलिअ‍ॅकवर औषध म्हणून ज्याच्याकडे डोळे लागले होते त्या लाराझोटाइडची अंतिम टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवली गेली. तेव्हा पथ्य हेच औषध.

सारखी धास्ती वाटते. हे नॉर्मल आहे का?

हो. अन्नाशी रोज तीनदा वाटाघाटी करणाऱ्या माणसाला धास्ती वाटणारच. पण भीतीने जेवणच तुटायला लागलं, वजन उतरलं, मुलाने मित्रांकडे जाणं सोडलं, तर समुपदेशकाकडे जा. मी गेले होते. तिने मला एकच काम दिलं होतं: आठवड्यातून एक जेवण दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं.

शेवटचा, जरा खासगी. जोडीदाराने शेंगदाणे खाल्ले असतील तर?

लाजू नका, हा प्रश्न खरा आहे. लाळेतून प्रथिन जातं आणि त्यातून प्रतिक्रिया येऊ शकते. नुसते दात घासून भागत नाही. काही तास जाऊ द्यायचे आणि मध्ये शेंगदाणा नसलेलं एक जेवण व्हायला हवं. माझा नवरा ऑफिसात शेंगदाणे खाऊन आला की दारातच दोन्ही हात वर करून उभा राहतो, पकडलेल्या चोरासारखा, आणि सरळ बेसिनकडे जातो.